कपाटातली मंगलची डबी

मंगल, आज माझे दोन्ही कान पिवळे आहेत. काल रंगपंचमी होती, आणि तिवंध्याच्या रहाडीचा रंग तुला ठाऊक आहे, साबणाची वडी झिजते पण तो हटत नाही. या दोन कानांपैकी एकानेच मला ऐकू येतं, हे जगात फक्त तुला माहीत होतं. माझ्या नवऱ्यालाही नाही. त्याला वाटतं मी मुद्दाम दुर्लक्ष करते, आणि तो समज मोडायची मला कधी घाई नव्हती.

आज कंपनीत एक गोष्ट झाली. ती तुला सांगायची आहे. मी सांगणार आणि तू मध्ये तोंड घालणार नाहीस, असं आपल्या एवढ्या वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदाच होतंय, आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही. आजचं सांगायचं तर आधीचंही सगळं सांगायला लागेल. तुला ते पाठ आहे, तरी ऐक. तूही सायखेड्याच्या मळ्यातल्या काकडीचोराची गोष्ट मला दर उन्हाळ्यात नव्याने ऐकवायचीस, आणि दर उन्हाळ्यात तो चोर वेगळ्याच माणसाचा भाऊ निघायचा.

आधी एक तक्रार. तुझ्या दशक्रियेला गंगेवर, आपल्या गोदेच्या घाटावर, खूप माणसं आली होती, आणि जो तो "बिचारी, बिचारी" करत होता. बिचारीनं किती सोसलं, बिचारीचे पाय किती दुखायचे. मला इतका राग आला की मी पाण्याकडे तोंड करून उभी राहिले. तू आणि बिचारी? आपल्या वाइंडिंग खात्यातली सगळ्यात मोठ्याने हसणारी बाई तू. पलीकडच्या शेडमध्ये पत्रे कापायच्या प्रेस धाडधाड चालू असायच्या, तरी तुझं हसणं माझ्यासारखीलाही ऐकू यायचं. तुझ्या पायांचं दुखणं खरंच होतं, पण तू म्हणजे काही नुसते पाय नव्हतीस.

सातपूरच्या त्या कारखान्यात आपण ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली गुंडाळायचो. माझं मशीन नेमकं प्रेसच्या बाजूच्या भिंतीला. तिथे वर्षानुवर्षं बसून माझा डावा कान गेला, आणि मी ते कुणाला कळू दिलं नाही. कळलं की अनफिट म्हणून घरी बसवतील, ही धास्ती. तू नवीन आलीस, माझ्या उजव्या हाताच्या मशीनवर बसलीस, आणि थोड्याच दिवसांत म्हणालीस, "नंदे, तुला डाव्या कानानं ऐकू येत नाय ना? मी तिकडून बोलले की तू नुसती हसती." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तू पुन्हा विचारलं नाहीस. पण त्या दिवसापासून बसमध्ये, कॅन्टीनमध्ये, कुणाच्या लग्नाच्या पंगतीत, तू कायम माझ्या उजवीकडे. लोकांना वाटायचं, काय ही जोडी, जागासुद्धा बदलत नाहीत.

तुला रहाडीचं वेड मी लावलं. माझं माहेर तिवंध्याला, तुला पहिल्यांदा रंगपंचमीला तिथे घेऊन गेले. नाशिककरांना रहाड म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, पण तू गंगेत पोहून वाढलेली खेड्यातली, तुला ते नवीन होतं. भर चौकात जमिनीखाली बांधलेला हौद, वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवलेला, आणि एक दिवस उघडून रंगाने भरलेला. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, तिवंध्याचा पिवळा. पुरुष त्यात धप्पा मारायचे, म्हणजे उंचावरून धाडकन उडी, आणि बायका कडेला उभ्या राहून बादल्या भरून घ्यायच्या. तू मला म्हणालीस, "बायांनी उडी मारायची नाय असं कुठं लिहिलंय का?" मी म्हटलं, लिहिलेलं नाही. झालं. पदर खोचलास आणि गेलीस. माझी आई गॅलरीतून बघत होती. तिने मला विचारलं, "ही कोण गं?" मी म्हटलं, ओळखत नाही. तू वर आलीस ती डोक्यापासून पायापर्यंत हळदीची, आणि सगळा चौक टाळ्या वाजवत होता.

मग तो त्र्यंबक रोडवरचा टेम्पो. त्याच्याविषयी मी काही लिहिणार नाही, त्याला तू तुझ्या गोष्टींमध्ये कधी जागा दिली नाहीस. पाठीच्या कण्याला मार लागला. बऱ्याच महिन्यांनी तू काठी घेऊन परत कामावर आलीस. चालता येत होतं, पण पाय तुझं ऐकत नव्हते. एक कधीही लाकडासारखा ताठ व्हायचा, आणि दुसरा बसल्या बसल्या लाथ मारायचा. ताठ होणाऱ्याचं नाव तू सासू ठेवलंस आणि लाथ मारणाऱ्याचं नणंद. मशीनखालचा पत्र्याचा डबा उडाला की तू शांतपणे म्हणायचीस, "नणंद उठली." अख्खं खातं हसायचं. मला मात्र दिसायचं की त्या वेळी तुझा खालचा ओठ दाताखाली धरलेला असायचा.

दवाखान्यातल्या गोळ्यांनी पाय सैल पडायचे, पण तूही त्यांच्याबरोबर सैल पडायचीस. दिवसभर पेंग. एकदा तारेवर हात ठेवून झोपलीस आणि मी मशीन बंद केलं म्हणून बोट वाचलं. त्यानंतर आपण पंचवटीतल्या त्या वैद्यकाकांकडे गेलो. त्यांनी तुझे पाय दाबले, गुडघ्यात वाकवले, नणंदेची एक लाथ पोटावर खाल्ली, आणि म्हणाले, "विजयेची गोळी देतो. दिवेलागणीला एकच."

मी विचारलं, "विजया म्हणजे?"

"भांग. शुद्ध केलेली, तुपात परतलेली, दुसऱ्या औषधांबरोबर."

मी खुर्चीतून उठलेच. म्हटलं, "काका, विजया नाव ठेवलं म्हणून ती काय घरंदाज झाली का?" तू इतकी हसलीस की वैद्यकाकाही हसले. मग मात्र त्यांनी बोट उगारून सांगितलं, "हिने पाय पहिल्यासारखे होणार नाहीत. होतील म्हणून सांगणारा भेटला तर त्याच्यापासून लांब पळ. पळता येत नसेल तर रिक्षा कर. आणि एका गोळीच्या दोन केल्यास तर माझी पायरी चढायची नाही." तू ती पायरी शेवटपर्यंत चढत राहिलीस.

गोळीने चमत्कार झाला नाही. झालं एवढंच की सासू जरा मऊ झाली, नणंदेच्या लाथा कमी झाल्या, तुला सलग झोप लागू लागली, आणि दुसऱ्या दिवशी तू जागी असायचीस. डोळे स्वच्छ, हात स्थिर. पहिल्या आठवड्यात मी तुझ्याकडे संशयाने बघत होते, कधी खिदळायला लागते म्हणून. पण तू आधीपासूनच एवढी खिदळायचीस की फरक कसा कळणार?

सेकंड शिफ्ट असली की दिवेलागण कंपनीतच व्हायची, म्हणून गोळी डबीत ठेवून आणायचीस. एक दिवस गेटवरच्या झडती घेणाऱ्या बाईंनी डबी उघडून विचारलं, "या काळ्या गोळ्या कसल्या?" दुसरी कुणीही म्हणाली असती, पाचक. मी मागे उभी होते, मी मनातल्या मनात तुला ओरडून सांगत होते, पाचक म्हण, पाचक. आणि तू म्हणालीस, "भांगेच्या हायेत. वैद्यांनी दिल्यात पायासाठी. देऊ का एक?"

त्या "देऊ का एक"ने सगळा घात केला. चार्जशीट आलं त्यात दोन आरोप होते, कामाच्या जागी मादक पदार्थ बाळगणे आणि तो इतरांना देऊ करणे. गेटवरच्या बाई रडकुंडीला आल्या, त्यांनी फक्त साहेबांना विचारलं होतं की हे आत नेऊ द्यायचं का. तू त्यांचीच समजूत घालत बसलीस.

नोकरी जाणार असं सगळे धरून चालले होते. दोन मुली शाळेत, अशोकभाऊंची रिक्षा भाड्याची, आणि काठी टेकत आलेल्या बाईला दुसरीकडे कोण मशीनवर बसवणार? तेव्हा पर्सोनेलचे बेंडाळे साहेब होते. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. त्यांनी तुला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मंगलबाई, तुम्ही नुसतं तोंडाने म्हणा की ते औषध बंद केलं. मी प्रकरण मिटवतो. मग घरी तुम्ही काय घेता ते बघायला कोण येतंय?"

मी म्हटलं, घे सोडवून. युनियनचे नाना म्हणाले, घे सोडवून. अशोकभाऊ म्हणाले, घे सोडवून. तू एकटी म्हणालीस, "बंद केलं नाय, तर बंद केलं कसं सांगू?"

त्या दिवशी सातपूरच्या बसस्टॉपवर आपलं जे भांडण झालं, ते बघायला दोन बस थांबून निघून गेल्या. मी म्हटलं, जग असंच चालतं, प्रत्येक जण काही ना काही झाकूनच इथे येतो. तू माझ्या उजवीकडे उभी होतीस. म्हणालीस, "व्हय ना. तेच म्हणते मी. मी झाकलं की माझ्यामागनं येणारीलाबी झाकावं लागंल. लोक बीपीची गोळी घेत्यात, साखरेची घेत्यात, त्यांना कुणी विचारतं का? मला पाय चालवायला लागती ती गोळी मी चोरून का खाऊ?" मी म्हटलं, "कारण ती भांग आहे, बये." तू म्हणालीस, "आणि नोकरी माझी हाय." मग मान वाकवून माझ्या डाव्या कानाकडे बघितलंस. ते बघणं मला फार लागलं होतं. मी तुझ्याशी रविवारपर्यंत बोलले नाही.

अपंगांचा नवा कायदा आलाय हे तू पेपरात वाचलं होतंस. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढून टाकता येत नाही, असं त्यात होतं. नानांनी तुला समजावलं, "मंगल, ते सरकारी खात्यांना. आपली कंपनी खासगी." तू काठीने पायांकडे बोट दाखवलंस. "मग यांना सांगा नाना, तुम्ही खासगी हाये म्हणून. यांना वाटतंय कायदा सगळ्यांना." त्यानंतर मात्र नाना तुझ्या बाजूने मनापासून उभे राहिले, हे मान्य करायला हवं.

आणि मग ती चौकशी. चौकशीसाठी हेड ऑफिसच्या एक मॅडम मुंबईहून येणार होत्या, आणि तारीख त्यांनीच ठरवली. मुंबईत धुळवडीला रंग खेळून लोक मोकळे होतात. नाशिकमध्ये खरा रंग पाचव्या दिवशी, हे त्यांना कोण सांगणार? बेंडाळे साहेबांनी सांगायला हवं होतं, पण हेड ऑफिसला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी ठेवली. नाशिकमध्ये त्या दिवशी कुणी लग्नाची बोलणीसुद्धा करत नाही.

मॅडम पांढऱ्या साडीत येऊन बसल्या. समोर नाना, मान गुलाबी, म्हणजे शनी चौकाच्या रहाडीत उतरून आलेले. टाइप करणाऱ्या बाईंची नखं केशरी. साक्षीला आलेली मी, पिवळी. आणि बेंडाळे साहेब तर कोट घालूनही लपत नव्हते. कानामागून कॉलरीत उतरलेला पिवळा रंग, डोळे तांबारलेले, समोर पाण्याचा तांब्या आणि चिवड्याची बशी. मित्रांनी आदल्या दिवशी ठंडाईचे पेले दिले होते, आणि माणूस नाही म्हणायला कच्चा. खोलीत मॅडम सोडल्या तर रंग न लागलेलं माणूस एकच, तू. अपघातानंतर चौकातल्या गर्दीत तुला उभं राहता येत नव्हतं, आणि त्या वर्षी तर तू मला तुझ्यासाठी रंगाची बादलीही आणू दिली नव्हतीस. म्हणालीस, "उद्या साफ तोंडानं जायचंय."

मॅडमनी विचारलं, "तुम्ही हा पदार्थ घेता?"

"घेते. रोज दिवेलागणीला एक गोळी."

"नशा होते?"

"नाय. पाय सैल पडत्यात."

मॅडम बेंडाळे साहेबांकडे वळल्या. "भांग घेतलेल्या माणसाची लक्षणं काय असतात, तुम्हाला काही माहिती?" आता साहेब खरंच मदत करायच्या इराद्याने सांगायला लागले. डोळे लाल होतात मॅडम. घसा कोरडा पडतो, सारखं पाणी लागतं. असं म्हणून तांब्यातलं पाणी प्याले. भूक लागते, काहीही चालतं. असं म्हणून चिवड्याची चिमूट घेतली. बोलणं हळू होतं, आणि माणूस एकच वाक्य परत परत... इथे थांबले. मग म्हणाले, "डोळे लाल होतात मॅडम."

टाइप करणाऱ्या बाईंनी तोंडात पदर कोंबला. नाना टेबलाखालून तुला काठीने ढोसत होते, तुझ्याच काठीने. मी तुझ्या कानात म्हटलं, "बोल ना आता." संपूर्ण प्रकरण तुझ्या हातात आलं होतं. मॅडमची नजर साहेबांच्या कानामागे पोचलीच होती. साहेबांनाही कळलं, आणि ते पिवळ्याचे पांढरे पडले.

आणि तू काय केलंस, तर त्यांच्याकडे बघून हसलीस. आपल्या खात्यातलं हसलीस, मोठ्याने नाही, पण तेच. म्हणालीस, "साहेब, लिंबू-पाणी घ्या, बरं वाटंल. सणाचं थोडंफार चालायचंच. त्यापायी कुणाची नोकरी जाऊ नये." मग मॅडमकडे वळलीस. "मॅडम, मला माफी नको. मला बसायला पाठ असलेली खुर्ची पायजे, आणि माझी डबी फोरमनच्या केबिनमधल्या औषधाच्या कपाटात, बाकीच्यांच्या गोळ्यांशेजारी ठेवायची परवानगी पायजे. मी तुमच्यासमोर गोळी घेते, तुमच्यासमोर काम करते. बघा आणि काय लिहायचं ते लिहा."

मॅडम खरंच सेकंड शिफ्टला थांबल्या. दिवेलागणीला तू गोळी घेतलीस आणि कामाला लागलीस. त्या तुझ्यामागे खुर्ची टाकून बसल्या. प्रवासाने दमल्या होत्या बिचाऱ्या, प्रेसच्या त्या ठेक्यात त्यांना डुलकी लागली. त्या जाग्या झाल्या तेव्हा तू तार संपवून दुसरं रीळ लावत होतीस. तू त्यांना म्हणालीस, "झोपा मॅडम, मी हाय जागी." निकाल लागायला वेळ गेला, पण मला वाटतं तो तिथेच लागला होता.

खुर्ची आली. डबी कपाटात गेली. झाकणावर चिकटपट्टी लावून तू "मंगल" असं लिहिलंस, बीपीच्या गोळ्या, शेजारी तुझी डबी, पलीकडे बाम. कुणालाही दिसेल अशी. काही दिवसांनी तिथे आणखी एक बाटली आली. आपल्या हिराबाईंना फिट्स यायच्या, हे आपल्याला कुणालाच माहीत नव्हतं. त्या गोळ्या साडीच्या निऱ्यांत खोचून आणायच्या. एका सकाळी त्यांनी ती बाटली तुझ्या डबीला टेकून ठेवली आणि मशीनवर जाऊन बसल्या. तू त्या दिवशी डबा उघडून सगळ्यांना तुझी शेंगदाण्याची चटणी वाटलीस. कारण विचारलं तर म्हणालीस, "असंच."

बेंडाळे साहेबांवरून मात्र आपलं कधी जमलं नाही. मी म्हणायचे, मी असते तर त्या दिवशी त्यांना धुऊन काढलं असतं. रंगासकट. ज्याने आदल्या दिवशी मजेसाठी पेले रिचवले त्याने तुझ्या औषधाला आरोप म्हणावं? तू म्हणायचीस, "मला त्यांचं तोंड काळं करायचं नव्हतं, मला खुर्ची पायजे व्हती. खुर्ची आली ना?" मी म्हणायचे, तत्त्वाचा प्रश्न आहे. तू म्हणायचीस, "बस मग तत्त्वावर, मी खुर्चीवर बसते." हे भांडण आपण रिटायर झाल्यावर निवांत संपवायचं ठरवलं होतं. आता ते माझ्या एकटीच्याच गळ्यात पडलंय. आणि खरं सांगू? तू नसताना मला माझीच बाजू लंगडी वाटायला लागली आहे. हे तू समोर असतीस तर मी मेले तरी कबूल केलं नसतं.

साहेब तुझ्या दशक्रियेला आले होते. केस पार पांढरे. बराच वेळ लांब उभे राहिले, मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "त्या दिवशी मंगलबाईंना कळलं होतं ना, माझं?" मी म्हटलं, "साहेब, त्या दिवशी भिंतीला कळलं होतं." आम्ही दोघं हसलो, तिथे, घाटावर, आणि मग त्यांना हसता हसता रडू आलं. तुझ्याविषयी त्या दिवसभरात ऐकलेलं सगळ्यात खरं बोलणं मला तेच वाटलं.

तुझी एकच गोष्ट मी ऐकली नाही. खुर्ची आल्यावर तू मला म्हणाली होतीस, "आता तुझ्या कानाचं सांग." नंतर दर वर्षी सांगत राहिलीस. मी म्हणायचे, मला काय गरज, तू आहेस ना उजवीकडे. तू चिडायचीस. "मी काय तुझा कान हाय का? उद्या मी नसले मग?" मी म्हणायचे, उद्याचं उद्या बघू. तू गेल्यापासून तुझ्या मशीनवर एक नवीन मुलगी बसते. गोड आहे, पण तिला वाटतं मी खडूस आहे, कारण ती कॅन्टीनमध्ये डावीकडे बसून बोलते आणि मी नुसती हसते. तुझी खुर्ची तिने भीत भीत विचारून घेतली. मी म्हटलं घे, ती कुणी एकीची नाही. असं तूच म्हणाली असतीस.

गेली कितीतरी वर्षं रंगपंचमीला मी रहाडीतून बादली भरून माहेरच्या अंगणात आणायचे, तू तिथे बसलेली असायचीस, आणि पहिला तांब्या तुझ्या डोक्यावर. काल सवयीने बादली भरून आणली आणि अंगणात आल्यावर लक्षात आलं. बादली उचलून उभी राहिले. मग सगळी माझ्याच डोक्यावर ओतली. थंड होती गं. मी एकटीच मोठ्याने हसले, आणि आईने गॅलरीतून विचारलं, "काय झालं?" तिचं वय आता एवढं झालंय, तरी ती गॅलरी सोडत नाही.

आज सकाळी या पिवळ्या कानांनीच कंपनीत गेले. बेंडाळे साहेबांच्या जागी आता एच.आर.च्या मॅडम आहेत, तरुण आहेत, लॅपटॉपवर काम करतात. दारात थोडी घुटमळले. पाय तुझ्या सासूसारखे ताठ झाले होते. पण मी आत गेले आणि एका दमात म्हणाले, "मॅडम, माझ्या डाव्या कानाला ऐकू येत नाही. बऱ्याच वर्षांपासून. काम मी चोख करते, ते तुम्ही बघा. मला फक्त प्रेसच्या भिंतीपासून लांबचं मशीन हवं आहे, आणि फोरमनला सांगा, मागून हाक मारून चिडत जाऊ नका, समोर येऊन बोला." कुणाला तरी हे सांगताना मी पहिल्यांदाच माझा आवाज ऐकत होते.

मॅडम खुर्चीवरून उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाल्या. चांगलं म्हणाल्या की वाईट, मला कळलं नाही. त्या डावीकडे उभ्या होत्या. इतकी वर्षं अशा वेळी मी जे केलं तेच करायला, म्हणजे नुसतं हसायला, माझं तोंड उघडलंसुद्धा.

मग मी म्हटलं, "मॅडम, या बाजूला या. इकडून बोला."